उलटा रंधा



आजचा विषय एका यंत्राचा आहे. दुकानदार त्याला सरफेस प्लॅनर म्हणतो, आपल्याकडचा सुतार रंधा मशीन म्हणतो, आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून सुतारकामाला लागलेली मुलं जॉइंटर म्हणतात. वस्तू एकच. नावांचा हा घोळसुद्धा इतिहासच आहे. पहिलं नाव इंग्रजांकडून आलं, तिसरं अमेरिकेतून, आणि मधलं आपलं. पण 'आपलं' म्हणताना जरा थांबायला हवं, कारण रंधा हा शब्द मुळात फारसी 'रंदा'. इराणात आजही सुताराच्या रंध्याला हाच शब्द आहे, आणि स्वयंपाकघरातल्या किसणीलाही हाच. मला हे फार पटतं. लाकूड किसा नाहीतर गाजर किसा, काम एकच.

आपण संत तुकाराम नगरात बसलोय. इथून भोसरी एमआयडीसी जवळ, चिंचवड जवळ, चाकणही फार लांब नाही. या पट्ट्यात लाकडाचं काम करणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. कुणी फर्निचर करतं, कुणी फाउंड्रीसाठी पॅटर्न करतं, कुणी निर्यातीच्या मालाची खोकी ठोकतं. अशा वर्कशॉपमध्ये कधीतरी प्रश्न येतो की रंधा मशीन कोणतं घ्यायचं, आणि आणल्यावर ते लावायचं कसं. माझं म्हणणं असं आहे की याचं उत्तर कॅटलॉगपेक्षा या यंत्राच्या इतिहासात जास्त नीट मिळतं.

सुरुवात हातरंध्यापासून करू. आपला गावचा सुतार बलुतेदार. नांगर, तिफण, मोटेचं चाक, बैलगाडी ही त्याची कामं. वाकसाने ओबडधोबड तासायचं, मग रंधा. मोठा रंधा असला तर दोघं लागायचे, एक ढकलणार आणि समोरचा दोरीने ओढणार. पण त्याच्या कामाचा क्रम बघा. तो आधी फळीची एकच बाजू सपाट करतो. डोळा मिटून कडेवरून बघतो, पीळ आहे का, बाक आहे का, पन्हळीसारखी मध्ये दबलीय का. ती बाजू मनासारखी झाली की तिच्यावर खूण करतो. मग तिला गुण्या लावून शेजारची कड काटकोनात आणतो. आणि त्यानंतरच, त्या पहिल्या बाजूपासून मोजून, जाडीची रेघ आखतो. म्हणजे पहिली बाजू ही बाकी सगळ्यांची आई. ती चुकली की पुढचं सगळं चुकीचंच, फक्त मापात चुकीचं.

हे लक्षात ठेवा, कारण यंत्रं आली तेव्हा हे एक काम दोन यंत्रांत विभागलं गेलं. पहिली बाजू सपाट करायची ती सरफेस प्लॅनरने. तिला समांतर दुसरी बाजू काढायची ती थिकनेसरने. आपल्याकडे बरेच लोक पैसे जमले की आधी थिकनेसर घेतात, कारण तो भराभर माल काढतो आणि दिसायलाही मोठा. पण थिकनेसरला सपाट म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याचे रोलर वाकडी फळी दाबून सरळ करतात, पाती वरून तासतात, आणि फळी बाहेर पडली की स्प्रिंगसारखी पुन्हा वाकते. वाकडी आत गेली, वाकडीच बाहेर आली, फक्त गुळगुळीत होऊन.

आता या यंत्राचा पूर्वज कोण? पुस्तकांत बहुतेक वेळा वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतात. मला वाटतं खरा पूर्वज युरोपातला पिंप बनवणारा कारागीर आहे. (पिंप म्हटल्यावर पिंपरीकरांनी हसायचं कारण नाही.) लाकडी पिंपाच्या प्रत्येक पट्टीची कड अशी बसावी लागते की दारूचा थेंब गळता कामा नये. त्यासाठी तो कारागीर पाच-सहा फूट लांबीचा रंधा घ्यायचा आणि चक्क उलटा ठेवायचा. तळ वर, एक टोक उंच, खाली पाय. रंधा जागेवर, आणि पट्टी त्याच्यावरून ढकलायची. त्या अवजाराला इंग्रजीत जॉइंटरच म्हणत. आजचं यंत्र म्हणजे तोच उलटा रंधा. स्थिर पात्याच्या जागी फिरता ब्लॉक आला आणि रंध्याच्या तळाची दोन टेबलं झाली, एवढंच.

यंत्राची कल्पना कागदावर आणणारा माणूस सॅम्युएल बेंथम. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा धाकटा भाऊ. रशियात नोकरी करून परतल्यावर त्याने 1791 आणि 1793 मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटं घेतली. रंधणं, खाचा पाडणं, कापणं, सगळं त्यात होतं. आणि ही यंत्रं कुणासाठी? भावाच्या डोक्यात एक आदर्श तुरुंग होता, त्यातल्या कैद्यांसाठी. म्हणजे हेतू सुरुवातीपासून स्पष्ट होता. ज्याने आयुष्यात कधी रंधा धरला नाही त्याच्याकडून सुताराचं काम करून घ्यायचं. कौशल्य माणसाच्या हातातून काढून यंत्रात ठेवायचं. हा धागा मी शेवटी पुन्हा धरणार आहे. पुढे 1802 मध्ये जोसेफ ब्रामाने रंधा यंत्राचं पेटंट घेतलं. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने 1828 मध्ये घेतलं, आणि त्या एका पेटंटने 1856 पर्यंत तिथल्या लाकूडवाल्यांना कोर्टकचेऱ्यांत गुंतवून ठेवलं. ती वेगळीच गोष्ट आहे, तिच्यात आज जात नाही.

त्याच काळात आपल्या मुंबईत काय चाललं होतं? मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी इंग्रजांच्या आरमारासाठी जहाजं बांधत होती. 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका 1817 मध्ये तिथून पाण्यात उतरली. सगळी मलबारी सागाची. ती अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला बघायला मिळते. बेंथम आरमाराच्या कामांचा मोठा अधिकारी होता, त्याच्या देशाच्या गोद्यांत यंत्रं शिरत होती, आणि त्याच आरमाराचं हे जहाज इकडे सुतारांच्या वाकसावर आणि रंध्यावर उभं राहत होतं. यंत्र नव्हतं म्हणून काम हलकं झालं असं काही नाही, हे दोनशे वर्षं टिकलेल्या त्या सागाकडे बघून कळतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. रंधा मशीनचं टेबल सपाट असतं म्हणून फळी सपाट होते. मग ते टेबल कशामुळे सपाट झालं? दुसऱ्या यंत्राने. आणि ते यंत्र? असं मागे मागे गेलात की एका जागी थांबावं लागतं. ती जागा म्हणजे इंग्लंडमधले जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये मांडलेली पद्धत. बीडाचे तीन पाट घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी घासून बघायचा, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी, आणि रंग लागेल तो उंचवटा हाताने खरवडायचा. दोनच पाट असतील तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही ते एकमेकांत चपखल बसतात, तुम्हाला पत्ता लागत नाही. तीन असले की फसवायला जागा उरत नाही. जगात कुठलाही सपाट पाट आधी नसताना नवा सपाट पाट असा तयार होतो. तुमच्या शेजारच्या मशीन शॉपमधला सरफेस प्लेट याच वंशातला.

यातून निवडीची पहिली गोष्ट निघते. रंधा मशीन विकत घेताना तुम्ही मोटर विकत घेत नाही, टेबल विकत घेता. मोटर बदलता येते, बेअरिंग बदलता येतं, पाती तर बदलायचीच असतात. वाकडं टेबल मात्र आयुष्यभर वाकडं काम देतं. म्हणून वेल्डिंग केलेल्या पत्र्याच्या टेबलापेक्षा बीडाचं टेबल घ्या. बीडातही एक खोच आहे. ओतल्यावर बीडाच्या पोटात ताण राहतो आणि तो हळूहळू सुटतो. जुने कारखाने ओतीव टेबलं महिनोन्‌महिने उघड्यावर टाकून ठेवायचे, ऊन-पाऊस खाऊ द्यायचे, आणि मग घासायचे. घाईत ओतून घाईत घासलेलं टेबल तुमच्या वर्कशॉपमध्ये आल्यावर वाकतं. त्यामुळे चांगल्या स्थितीतलं जुनं यंत्र कधीकधी नव्यापेक्षा बरं. त्याचं जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं, आणि ते मोजता येतं.

मोजायला काय लागतं? एक चांगली सरळ पट्टी आणि फिलर गेज. टेबलाच्या लांबीवर, रुंदीवर आणि दोन्ही कर्णांवर पट्टी ठेवा, खाली किती मापाची पात आत जाते बघा. कर्ण विसरू नका, पीळ तिथेच सापडतो. विकणारा घाई करत असेल तर त्याला चहा मागवायला सांगा.

रुंदीचा प्रश्न लोक फार विचारतात. नऊ इंची घेऊ की बारा? माझं मत आहे, आधी लांबी बघा. टेबलांच्या एकूण लांबीच्या साधारण दीडपट, फार तर दुप्पट लांबीची फळी त्यावर नीट सरळ होते. साडेतीन फुटी यंत्रावर आठ फुटी दाराची चौकट सरळ करायला जाल तर टेबलाबाहेर लटकणारं वजनच कड वाकडी करतं. आणि आपल्याकडे फार चालणारं ते कॉम्बिनेशन मशीन, एकाच सांगाड्यावर रंधा, गोल करवत आणि बाजूला ड्रिल. जागा वाचते, पैसे वाचतात, खरं आहे. पण एकाच्या कामासाठी दुसऱ्याची मांडणी मोडावी लागते, आणि हललेली मांडणी पुन्हा लावायचा कंटाळा माणसाला येतोच.

आता आपल्या गावाकडे येतो. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्या दशकात बजाज ऑटो, टेल्को असे मोठे कारखाने इथे उभे राहिले. 1970 मध्ये नवनगरपालिका, 1982 मध्ये महानगरपालिका. हा इतिहास आपण नेहमी लोखंडाचा म्हणून सांगतो. पण बीडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा पॅटर्न लागतो, आणि कित्येक वर्षं पॅटर्न म्हणजे लाकूड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथला लोखंडी नांगर ओतायच्या आधीही कुणीतरी तो लाकडात घडवला असणारच. गंमत बघा, ज्या लोखंडी नांगराने सुताराच्या लाकडी नांगराची जागा घेतली, तो जन्माला यायला सुताराचाच हात लागला.

पॅटर्नच्या कामात रंधा मशीनची खरी परीक्षा होते. बीड थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं, म्हणून 500 मिलिमीटरच्या भागाचा पॅटर्न 505 चा करायचा. वर घासण्यासाठी दोन-तीन मिलिमीटर. सगळा हिशोब मिलिमीटरचा. आणि पॅटर्न एका ठोकळ्यातून कोरत नाहीत, फळ्यांचे थर चिकटवून करतात, म्हणजे त्याने वाकू नये. ते थर सपाट नसतील तर डिंक दरी भरतो, लाकूड धरत नाही. वाळूतला ओलावा लागला की पॅटर्न उलतो आणि फाउंड्रीतून फोन येतो. आज पॅटर्न सीएनसीवर, रेझिनच्या पाटात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये होतात हे मला माहीत आहे. तरी ज्याच्याकडे लाकडाचं काम उरलंय, त्याला सपाट पहिल्या बाजूवाचून सुटका नाही. खोकी आणि पॅलेट ठोकणाऱ्याला मात्र मी सांगेन, रंधा मशीन घेऊ नका. तुमचं काम करवतीचं आहे.

लावण्याबद्दल. यंत्र वर्कशॉपमध्ये आलं की आपण पहिलं काय करतो? चारही बोल्ट फरशीत कचकचीत आवळतो. फरशी सपाट नसते. मग बोल्ट सांगाड्याला पिळतात आणि कारखान्यात सरळ असलेली टेबलं तुमच्याकडे वाकडी होतात. आधी पायांखाली पॅकिंग द्या, यंत्र न डुगडुगता आपल्या वजनाने उभं राहू द्या, बोल्ट मग हलकेच. थ्री फेज मोटर असेल तर पट्टा न चढवता आधी फिरवून दिशा बघा. उलटी फिरली तर वायरमनकडून दोन फेज बदलून घ्या.

मग दोन टेबलं. अलीकडचं, जिथून फळी ढकलतो, आणि पलीकडचं, जिथे ती जाते. दोन्ही एकमेकांना समांतर हवीत, आणि अलीकडचं तासायच्या जाडीएवढं खाली. लांब पट्टी पलीकडच्या टेबलावर घट्ट धरून अलीकडच्यावर आणा, सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. बाहेरची टोकं खाली पडलेली असतील तर फळीची कड मध्ये खोलगट निघते. टोकं वर असतील तर मध्ये फुगीर. लोक पात्यांना शिव्या देतात, दोष टेबलाच्या सरकपट्टीत असतो. तिथे पातळ शिम द्यावी लागते, आणि हे काम अर्धा दिवस खातं. खाऊ द्या.

पलीकडचं टेबल पात्याच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या बरोबर पातळीत हवं. खाली राहिलं तर फळीचं शेपूट शेवटी खाली पडतं आणि तिथे घास पडतो. वर राहिलं तर फळी टेबलाच्या ओठाला अडते किंवा काप निमुळता जात संपतो. पाती बसवताना डायल गेज असेल तर उत्तमच. नसेल तर एक सरळ लाकडी काठी पलीकडच्या टेबलावर ठेवून तिचं टोक पात्यावर आणा आणि मेन स्विच बंद करून ब्लॉक हाताने हळूच फिरवा. पातं काठीला थोडं पुढे ओढतं. किती ओढलं त्याची खूण करा, साधारण तीन मिलिमीटर. प्रत्येक पात्याने, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला, तेवढंच ओढलं पाहिजे. एकच पातं वर राहिलं तर तीन पात्यांचे पैसे देऊन काम एकाचंच होतं. हिशोब साधा आहे. तीन पाती, मिनिटाला 5000 फेरे, म्हणजे 15000 काप. मिनिटाला सहा मीटर वेगाने फळी ढकलली तर कापांमधलं अंतर 0.4 मिलिमीटर. एकच पातं कापत असेल तर 1.2 मिलिमीटर, आणि हात फिरवला की लाटा लागतात.

फेन्सला गुण्या लावला की काम संपलं असं समजू नका. दोन फळ्यांच्या कडा तासा, एक फळी उलटवून कड कडेवर उभी करा आणि खिडकीकडे धरा. फेन्सची चूक आता दुप्पट होऊन दिसते. पावसाळ्यात बीडाच्या टेबलावर गंज धरतो, त्याला मेण लावा. तेल नको, ते लाकडात उतरतं आणि मग पॉलिश धरत नाही.

आता तो बेंथमचा धागा.

एकोणिसाव्या शतकातल्या या यंत्रांचा ब्लॉक चौकोनी असायचा. चौकोनाच्या सपाट बाजूंवर पाती बोल्टने आवळायला सोपी. पण चौकोन फिरताना टेबलांच्या मध्ये मोठा जबडा उघडा राहतो. हात घसरला तर तो नुसता कापला जात नाही, आत खेचला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात गोल ब्लॉक आला. त्यात पातं जेमतेम मिलिमीटरभर बाहेर येतं, फट अरुंद राहते, आणि तीच चूक कातडीवर निभावण्याची शक्यता असते. ब्रिटनने 1922 मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी नियम केले आणि हाताने ढकलायच्या रंधा यंत्रावर गोल ब्लॉक सक्तीचा केला. फटीवर झाकणाचा पूलही.

पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याला एक अनुसूची जोडलेली होती, कुठला अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरायचं याची. पुढे सुधारत आलेल्या त्या यादीत अंगठ्याला 30 टक्के होते. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी किंवा अनामिका 7. पॅटर्न करणाऱ्याला विचारा, सपाटी तो कशाने तपासतो. पट्टी नंतर, आधी तर्जनीचं टोक. त्याच्या धंद्यात ते बोट 14 टक्क्यांचं नाही, पण यादी सगळ्या धंद्यांना एकच आहे.

गोल ब्लॉक आणि झाकणाचा नियम आपल्याकडच्या कारखाना नियमांतही आला. 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टखाली राज्यांनी नियम केले, महाराष्ट्राचे 1963 चे, आणि लाकूडकामाच्या यंत्रांचा भाग त्यात वेगळा आहे. शब्द बरेचसे ब्रिटिश नियमांचेच. पण मूळ कायदा पॉवर वापरणाऱ्या जागेला लागू व्हायचा तो दहा कामगार असले तर. तुमच्यापैकी किती जणांच्या वर्कशॉपमध्ये दहा माणसं आहेत? चार-पाच असतात. दोन जाणती, दोन नवी, नुकतीच गावाकडून आलेली. बेंथमने कैद्यांसाठी जे योजलं होतं तेच आपण या पोरांसाठी करतो. त्यांना रंधा माहीत नाही, यंत्राला माहीत आहे, म्हणून आठवड्याभरात उभं करतो. यंत्राला सपाटी माहीत असते. बोट आणि लाकूड यांतला फरक त्याला माहीत नसतो. तो माहीत असलेला जुना सुतार आपण त्या जागेवरून उठवलेला असतो.

म्हणून गार्ड नसलेलं यंत्र स्वस्त मिळालं तर किमतीत गार्डचा खर्च धरा. काम करताना तो काढावा लागतो असं म्हणणाऱ्याला काम दाखवायला सांगा. वीतभर तुकडे, एक फुटाच्या आतले, या यंत्रावर नकोच, हातरंध्याने करा. फळीच्या शेवटी हात ब्लॉकवरून नेऊ नका, ढकलायला लाकडी ठोकळा ठेवा, तो यंत्रालाच दोरीने बांधा म्हणजे हरवला असं कुणी सांगणार नाही. हातमोजे काढून ठेवा, फिरत्या ब्लॉकजवळ मोजा हात आत ओढतो. शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातला दोरा, हेही बघा. पाती बोथट झाली की माणूस जोर लावतो आणि जोर लावलेला हातच घसरतो. धार ही सफाईची बाब आहे तेवढीच बोटांचीही आहे.

आणि जुनं यंत्र बघायला जाल तेव्हा टेबलाच्याही आधी खाली वाकून ब्लॉक बघा. कितीही चांगलं बीड असो, ब्लॉक चौकोनी निघाला तर विकणाऱ्याला भंगाराचा भाव सांगा. तो हसेल. तुम्ही पुढच्या दुकानात जा.

प्रश्न असतील तर घेऊ.